नेपाळ बॉर्डर परमिट, माणशी सहाशे

गेल्या एप्रिलमध्ये आम्ही चौघं दार्जिलिंगला गेलो, ते सिंगालीला राष्ट्रीय उद्यानातला गुरांस बघायला. गुरांस म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनची फुलं. संदकफू शिखरापर्यंत (3636 मीटर) चालत जायचं तर तीन-चार दिवस हवेत, आमच्या हातात एकच रविवार. म्हणून मानेभंज्यांगहून लँड रोव्हरने टुमलिंग आणि पुढे जंगलातून गैरीबासपर्यंत पायी, असा बेत.

शनिवारी संध्याकाळी चौरस्त्यावर एक जण भेटला. गळ्यात कार्ड, हातात पावतीपुस्तक. "कल संडे है, परमिट ऑफिस बंद. आज ही बनवा देता हूँ." गाडी, गाइड, उद्यानाचं तिकीट मिळून सहा हजार, वर 'नेपाळ बॉर्डर परमिट' माणशी सहाशे. मी फसलो तो या परमिटवर. तिथला रस्ता सीमेवरूनच जातो, टुमलिंगची वस्ती नेपाळमध्ये आहे, हे मी आधी वाचलेलं. त्यामुळे हा माणूस जाणकार वाटला, आणि खरं सांगायचं तर मीही. मेहुणा म्हणाला, "दाजी, क्यूआरवर नाव दुसरंच येतंय." तो म्हणाला, "भाई का अकाउंट है." मी मेहुण्यालाच गप्प केलं आणि 8,400 पाठवले.

सकाळी मानेभंज्यांगला आमच्या नावाची गाडी नव्हती. लँड रोव्हरवाल्यांच्या काउंटरवरच्या माणसाने पावती उलटसुलट बघितली आणि न हसता परत दिली. फोन बंद. सशस्त्र सीमा बलाच्या जवानाला 'परमिट' दाखवलं, तर त्याने आधार कार्डं मागितली, नावं लिहून घेतली, संपलं. भारतीयांना तिथे नेपाळचं परमिट लागतच नाही! गाडी काउंटरवर, गाइड त्यांच्या संघटनेकडून, उद्यानाचं तिकीट वनखात्याच्या चौकीवर. सगळं तिथेच मिळत होतं, रविवारीसुद्धा. आदल्या रात्री हॉटेलच्या स्वयंपाक्याला विचारलं असतं तरी कळलं असतं.

पुन्हा पैसे मोजून गेलो. लँड रोव्हरने हाडं खिळखिळी केली. वाटेतल्या मेघमा गावात नावाप्रमाणे नुसतं धुकं. पण टुमलिंगच्या पुढे उतारावर दोन्ही बाजूंना लालभडक गुरांस, मधूनच बिनपानांच्या झाडावर पांढरा मॅग्नोलिया. कांचनजुंगा दहा मिनिटं दिसला असेल. बायको तेवढा वेळ माझ्याशी बोलली.

रात्री सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. बँकेचं म्हणणं, पैसे तुम्हीच पाठवलेत. चौरस्त्यावर दोन चकरा मारल्या, तो कशाला सापडतोय.

ती पावती मेहुण्याने लॅमिनेट करून घेतलीय. लग्नाकार्यात कुणी मला प्रवासाबद्दल सल्ला विचारला, की तो पाकीट उघडतो.