गरोदरपणातली युनिमॅप गोळी: एचआयव्ही असलेल्या आईला कितपत उपयोगी?

युनिमॅप म्हणजे १५ जीवनसत्त्वं आणि खनिजं असलेली, रोज एकच घ्यायची गोळी. लोह ३० मिलिग्रॅम, फॉलिक अ‍ॅसिड ४०० मायक्रोग्रॅम, झिंक १५ मिलिग्रॅम, शिवाय आयोडीन, सेलेनियम, बी गटातली जीवनसत्त्वं. रोजच्या पोषणासाठी गोळी चांगलीच आहे. हिमोग्लोबिन फार उतरलं असेल तर मात्र एवढं लोह पुरत नाही.

‘हिने नैराश्य जातं’ म्हणून कुणी देत असेल, तर ते पटण्यासारखं नाही. टांझानियातल्या दार-एस-सलाममध्ये १९९०च्या दशकात सुरू झालेल्या चाचणीत एचआयव्ही असलेल्या गरोदर बायकांमध्ये बी, सी, ई जीवनसत्त्वांनी नैराश्याची लक्षणं कमी झाली, हे खरं. पण तिथे बी-१ होतं २० मिलिग्रॅम आणि सी ५०० मिलिग्रॅम. युनिमॅपमध्ये ते १.४ आणि ७० मिलिग्रॅम आहे. शिवाय त्या बायकांना तेव्हा एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, मिळत नव्हती. त्याच चाचणीत ए जीवनसत्त्वाने मनाला फायदा झाला नाही, उलट बाळाला लागण होण्याचा धोका वाढला. युनिमॅपमधलं ए ८०० मायक्रोग्रॅम, गरजेपुरतं आहे. त्यावर ए-ची वेगळी गोळी नको.

खरी चूक होते ती गोळ्या घेण्याच्या वेळेत. युनिमॅपमधलं लोह आणि झिंक पोटात डोल्युटेग्रावीरला (एआरटीतलं एक औषध) चिकटतात, औषध रक्तात कमी उतरतं. दोन्ही गोळ्या जेवणासोबत एकदम घेतल्या तर चालतं. मळमळीमुळे जेवण टळतं आणि दोन्ही नुसत्या पाण्याबरोबर गिळल्या जातात, तिथे घोटाळा होतो. जेवण जाणारच नसेल तर डोल्युटेग्रावीर आधी, ही गोळी २ तासांनी. ही आधी घेतली गेली, तर डोल्युटेग्रावीर ६ तासांनी. यात कॅल्शियम नाही. डॉक्टरांनी वेगळं दिलं असेल तर ते या गोळीबरोबर घेऊ नका, मध्ये काही तास जाऊ द्या. शौचाला काळं होईल, घाबरू नका.

‘मूड’साठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांवर सेंट जॉन्स वॉर्ट (एक वनस्पती) लिहिलेलं दिसलं, तर ती घेऊच नका, एआरटीचा असर त्याने घटतो.

दोन आठवडे मन उदास, झोप नाही, एआरटीची गोळीही नकोशी वाटते, असं असेल तर एआरटी केंद्रात स्पष्ट सांगा. जीव नकोसा वाटत असेल तर त्याच दिवशी. समुपदेशन मिळतं, गरोदरपणात देता येणारी औषधंही आहेत. नैराश्याचं औषध आधीपासून चालू असेल, तर ही गोळी सुरू झाली म्हणून ते परस्पर बंद करू नका.