कृषी प्रदर्शन मोबाइलवर पाहायचं की गाडी करून जायचं? दोन्ही करून पाहिलेल्या कास्तकाराचं मत

डिसेंबर लागला की आपल्याकडे प्रदर्शनांचा सीझन असतो. नागपूरचं अॅग्रोव्हिजन 2009 पासून भरते, अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात 27 डिसेंबरच्या, म्हणजे भाऊसाहेबांच्या (पंजाबरावांच्याच) जयंतीच्या आसपास मोठी गर्दी असते. पण 2020 पासून कोरोनानं सगळं बदललं, 2021 च्या डिसेंबरात ऑनलाइन प्रदर्शन, ऑनलाइन परिषद, वेबिनार, रोज व्हॉट्सअॅपवर दोन तरी लिंका येऊन राहिल्या होत्या. त्यात ओमिक्रॉन नावाचा कोरोनाचा नवीन प्रकार आला. म्हणून गावातले पोरं विचारत होते, भाऊ जाऊ का मोबाइलवरच पाहू. माझं उत्तर सगळ्यांना एक नाही, कोण कशासाठी जातो त्यावर आहे.

आधी भीतीचं बोलू. 2021 च्या एप्रिल-मेमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातल्या गावांनी जे पाहिलं ते सांगायची गरज नाही, ज्याच्या घरातला माणूस गेला तो आजही बाजारात जायच्या आधी दहादा विचार करतो, आणि त्याला कोणी भित्रा म्हणू नये. घरात म्हातारं माणूस असेल, शुगर असेल, लसीचे दोन डोस झाले नसतील तर तेव्हा विषयच नव्हता, मोबाइलवरच पाहायचं. तसंही 27 नोव्हेंबर 2021 च्या सरकारी नियमानं कार्यक्रमाला दोन्ही डोस लागतच होते, बंद हॉलमध्ये निम्मेच लोक आणि मोकळ्या जागेत क्षमतेच्या 25 टक्के चालत होते.

पण मला खरी भीती मैदानाची नव्हती वाटत, रस्त्याची वाटत होती. तेव्हा एसटीचा संप सुरू होता, लालपरी बंद, मग राहत होती काय तर काळीपिवळी जीप, तिच्यात चौदा-पंधरा माणसं मांडीला मांडी लावून, काचा लावलेल्या कारण थंडी, मास्क हनुवटीवर. मोकळ्या मैदानात तुम्ही दोन हात लांब उभे राहू शकता, काळीपिवळीत तीन तास कुठं सरकणार? त्यामुळे जायचंच असेल तर घरचेच, ओळखीचेच पाच-सहा जण मिळून गाडी करा, काचा उघड्या ठेवा, कानटोप्या घाला.

आता खर्च. नागपूर आमच्यापासून शंभरेक किलोमीटर, पाच जणांत गाडी, जेवण, चहा धरून तेव्हा माणशी सात-आठशे कुठंच गेले नाहीत, वरून कापूस वेचणीचा दिवस मोडतो. कापूस तेव्हा क्विंटलला आठ हजारांवर होता, मजूर मिळत नव्हता, अशा वेळी वावर सोडून जायचं म्हणजे जिवावर येते. मोबाइलवर हा खर्च नाही, पण फुकटही समजू नका, त्याच महिन्यात रिचार्ज महागले होते आणि झूमवर दोन तासांचं चर्चासत्र ऐकलं की रोजचा दीड जीबीचा पॅक बहुतेक संपतो. तोच कार्यक्रम यूट्यूबवर लाइव्ह असेल तर तिथं पाहा, चित्राची क्वालिटी कमी करा, आवाज आला म्हणजे झालं, आणि नेटवर्क गेलं तरी रात्री परत पाहता येते.

भाषणं, चर्चासत्रं, शास्त्रज्ञांचं मार्गदर्शन यासाठी मी आता ऑनलाइनच्याच बाजूचा आहे, आणि त्याला कारण आमच्या वहिनी. प्रदर्शनाला आजवर आमच्या घरून बाबा गेले, दादा गेला, मी गेलो, वहिनीला कोणी विचारलंच नाही, तिच्याशिवाय घर आणि ढोरं कोण पाहीन म्हणून. त्या डिसेंबरात तुरीवरचं वेबिनार तिनं चुलीपाशी बसून, कानात इअरफोन घालून, भाकरी थापता थापता ऐकलं. शास्त्रज्ञ म्हणाले की शेंगमाशी बाहेरून दिसतच नाही, अळी शेंगेच्या आत दाणा खाते आणि बाहेर पडायच्या वेळेलाच बारीक छिद्र पाडते, म्हणून आत्ताच शेंगा फोडून पाहा. हिनं तवा उतरवला, मागच्या धुऱ्यावरून पाच-पंचवीस शेंगा तोडून आणल्या आणि ओट्यावर फोडल्या. बाहेरून हिरव्यागार, चार शेंगांत पांढरी अळी. लगेच बोलून टाइप करून चॅटमध्ये प्रश्न टाकला आणि उत्तरही मिळालं! प्रदर्शनाच्या डोममध्ये, म्हणजे मोठ्या बंद मंडपात, हजार माणसांत उभं राहून माइक मागितला असता का तिनं? मीसुद्धा कधी मागितला नाही. आणि वावर पंधरा पावलांवर असताना ऐकणं यात जो फायदा आहे तो नागपुरात खुर्चीवर बसून नाही.

पण खरेदी करायची असेल तर मोबाइलच्या भरवशावर राहू नका, हे मी कळवळून सांगतो. वहिनीच्या बचत गटाला मिनी डाळ मिल घ्यायची होती, तसली मिल अकोल्याच्या विद्यापीठानं बनवलेली आहे आणि तिच्यासारख्या दुसऱ्या कंपन्यांच्याही मिळतात. आम्ही एका ऑनलाइन प्रदर्शनात शिरलो. हॉलचं चित्र, स्टॉलचं चित्र, स्टॉलवर क्लिक केलं की गोल फिरत राहते, शेवटी व्हिडिओ उघडला. एका बाजूनं तूर टाकली, दुसऱ्या बाजूनं पिवळीधमक डाळ पडली, दोन मिनिटांत काम खतम. आता ज्याच्या घरी डाळ होते त्याला माहीत आहे, तुरीला आधी एक हात मारून, म्हणजे मिलमधून एकदा काढून, तेल लावावं लागते, पाणी लावावं लागते, वाळवावं लागते, तो सगळा भाग व्हिडिओत कापलेला. चुरी, म्हणजे तुटलेली डाळ, किती पडते, आवाज किती येते, आमच्या सिंगल फेजवर ओढते का, ते कुठं दिसते? चॅटमध्ये विचारलं तर "लवकरच संपर्क करू". त्यांनी संपर्क केलाही, पण महिनाभर दुसऱ्याच वस्तू विकायला फोन येत राहिले.

मशीन म्हणजे ढोरासारखं आहे, बैल घेताना दात पाहतो, पाठीवर हात फिरवतो, चालवून पाहतो, तसंच. लास वेगासचं सीईएस नावाचं इलेक्ट्रॉनिक वस्तूंचं प्रदर्शन जानेवारी 2021 मध्ये पूर्ण ऑनलाइन झालं, पण टीव्ही आणि मोबाइल पडद्यावर दाखवणं वेगळं, पेरणी यंत्राचा फण किती खोल जाते हे पडद्यावर कळत नाही. भाऊसाहेब पंजाबराव देशमुखांनी 1959 मध्ये दिल्लीला जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं, अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर आले होते तिथं, आणि पापळसारख्या खेड्यातून गेलेल्या त्या माणसाला हे पक्कं माहीत होतं की कास्तकार डोळ्यानं पाहिल्याशिवाय नवीन गोष्ट धरत नाही.

विकायला जाणाऱ्यांसाठी तर आणखीच सरळ आहे. गटानं जवसाची चटणी आणि मूगवड्या एकदा ऑनलाइन स्टॉलवर ठेवल्या, फोटो छान काढले, दोन चौकशा आल्या आणि ऑर्डर एकही नाही. चटणी जिभेवर ठेवल्याशिवाय नवीन माणूस पैसे देत नाही.

एकच प्रदर्शन दोन भागांत तोडता येते हेही लक्षात ठेवा. बंद डोममधलं चर्चासत्र घरी यूट्यूबवर, आणि मशीनचे स्टॉल मोकळ्या मैदानात, सकाळी उघडल्या उघडल्या, रविवार टाळून. दुपारी दोनपर्यंत परत निघायचं, शेवटच्या दिवशी जायचंच नाही कारण तेव्हा जत्रा असते. स्टॉलवाल्याला आधी फोन करून विचारा की मशीन चालवून दाखवणार का नुसती उभी ठेवणार, नुसती उभी असेल तर व्हिडिओच बरा.

त्या डिसेंबरात आमचं असं ठरलं होतं. बाबा घरी, त्यांना खोकला होता. गाडीत पाच जण, तिघी गटाच्या, दादा आणि मी, सगळ्यांचे दोन्ही डोस झालेले. स्टॉलवाला मशीन चालवून दाखवायला हो म्हणाला होता, म्हणून वहिनीनं मागच्या सालची पाच किलो तूर निवडून पिशवीत बांधून ठेवली. पहिलाच हात मारून मिळाला तरी चालीन म्हणत होती, चुरी किती पडते तेवढं तिला स्वतःच्या डोळ्यानं पाहायचं होतं.