व्हॅनमधली सोलर बॅटरी: लेड-ॲसिड की लिथियम आयर्न फॉस्फेट (पुढे नुसतं 'लिथियम')?
फ्रिज, पंखा, दिवे, लॅपटॉप मिळून रोज ८०० वॉट-तास धरा. दोन ढगाळ दिवसांसाठी १६०० लागतात. लेड-ॲसिड निम्मीच वापरायची, म्हणून ३२०० वॉट-तासांची, म्हणजे १२ व्होल्टची सुमारे २७० अँपिअर-तास हवी. लिथियम बहुतांश वापरता येते, म्हणून १५० पुरते. वजन अंदाजे ८० किलो विरुद्ध १८.

खरा फरक चार्जिंगचा. लेड-ॲसिड शेवटचे २० टक्के फार सावकाश भरते. वारंवार अर्धवट राहिली की प्लेटांवर सल्फेट साचून क्षमता कायमची घटते. लिथियमला अर्धवट चालतं, पण शून्य अंशाखाली चार्ज केल्यास ती बिघडते. लिथियम अल्टरनेटरला (इंजिनवर चालणाऱ्या गाडीच्या जनित्राला) थेट जोडू नका, तो जळू शकतो. मध्ये प्रवाह मर्यादेत ठेवणारा डीसी-डीसी चार्जर हवाच.

पॅनेल दोन्हींना किमान २५०-३०० वॉट.

अधूनमधून फिरून घरी पूर्ण चार्ज करणाऱ्यांना लेड-ॲसिड पुरे. व्हॅनमध्येच राहणाऱ्यांनी लिथियमच घ्यावी.