मुकादमावर प्रबंध लिहिला आणि मुकादमाच्याच हाती सापडले

एम.ए.ला माझा लघुप्रबंध ऊसतोड कामगारांच्या उचलीवर, म्हणजे त्यांना आधीच दिल्या जाणाऱ्या पैशावर, होता. केज आणि धारूर तालुक्यांतल्या तीसेक कोयत्यांशी, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्यांशी, बोलून मी लिहिलं होतं, की मुकादम, म्हणजे मजूर जमवणारा ठेकेदार, उचल देऊन माणूस कसा बांधतो, हिशेबाची वही स्वतःपाशीच कशी ठेवतो आणि कारखान्याशी मजुराचा थेट संबंध कसा येऊ देत नाही. सरांनी त्यावर चांगला शेरा दिला. पुढच्या दोन वर्षांत एका टाय लावलेल्या मुकादमानं, परदेशी शिक्षणाच्या एजंटानं, माझीच वही स्वतःपाशी ठेवली. फरक एवढाच, की इथं उचल आम्ही त्याला दिली. चार लाख पंच्याण्णव हजार.

अण्णांना, माझ्या वडिलांना, विचारून लिहितेय. "नाव नको टाकूस त्याचं, केस चालू हाय," एवढंच ते म्हणाले.

डिसेंबर २०२३ मध्ये संभाजीनगरात एका हॉटेलच्या हॉलमध्ये परदेशी शिक्षणाचा मोफत सेमिनार होता. गर्दी सगळी इंजिनियर आणि एमबीएवाल्यांची. आर्ट्सवाल्या आम्ही दोघीच, मी आणि विद्यापीठातली मैत्रीण. आर्ट्सवाल्यांना कुठंच कुणी विचारत नाही, ही आमची दुखरी नस, आणि सेमिनार घेणाऱ्या त्या एजंटाला ती बरोबर सापडली. स्वतः येऊन शेजारी बसला. "ताई, बाबासाहेबसुद्धा १९१३ला कोलंबियात अर्थशास्त्र, समाजशास्त्रच शिकायला गेले होते." बाबासाहेबांच्या नावाच्या विद्यापीठातली पोरगी यावर काय बोलणार? बाबासाहेब सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर गेले, महिना साडेअकरा पौंड, आणि बडोदे संस्थानाशी लेखी करार करून गेले. तो करार मला तेव्हा आठवायला पाहिजे होता.

मी जर्मनीचं विचारलं. तिथं आर्ट्सला घेत नाहीत, म्हणाला. साफ खोटं. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फीच नसते, मग एजंटाला कमिशन कशातून द्यायचं? फुकट मात्र तेही नाही. आपली इथली कागदपत्रं तपासल्याच्या एपीएस प्रमाणपत्राला १८ हजार रुपये लागतात आणि वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच एका बंद खात्यात दाखवावे लागतात. पण हा हिशेब निदान उघड्यावर आहे. ब्रिटनमधली पुष्कळ विद्यापीठं एजंटाला दर विद्यार्थ्यामागं कमिशन देतात, म्हणून सल्ला 'मोफत'. यात बेकायदा काही नाही. मुकादमालाही कारखान्याकडून कमिशन मिळतंच की. प्रबंधात त्यावर माझं अख्खं प्रकरण आहे.

रजिस्ट्रेशनचे २५ हजार भरले. मार्चमध्ये ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाचं समाजशास्त्राच्या एम.ए.चं ऑफर लेटर आलं आणि आईनं गल्लीत पेढे वाटले. ते लेटर खरं होतं. सगळंच खोटं असतं तर लवकर कळलं असतं. वर्षाची फी १७ हजार पौंड, तेव्हाच्या भावानं अठरा लाखांच्या घरात. साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला बँक तारण मागते आणि शेतजमीन तारण म्हणून धरत नाही. आमच्याकडं तीन एकर कोरडवाहू सोडून दुसरं होतं काय? तेव्हा हा म्हणाला, "पन्नास टक्के स्कॉलरशिप करून देतो. प्रोसेसिंगचे एक लाख वीस हजार." पंधरा दिवसांत शिष्यवृत्तीचं पत्र आलं. विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी.

मग डिपॉझिट. साडेतीन लाख. "बँकेतून पाठवलं तर भाव महाग पडतो, वर टीसीएस, म्हणजे कर, कापतात. आमच्याकडं टाका, आम्ही सगळ्या पोरांचे एकगठ्ठा पाठवतो." अण्णा एसटीत कंडक्टर होते, ग्रॅच्युइटीतले पैसे त्यांनी एका वैयक्तिक खात्यावर टाकले. तो खातेदार एजन्सीच्या मालकाचा मेहुणा, हे आम्हाला नंतर कळलं. त्या वर्षी शिक्षणासाठी सात लाखांपर्यंत बाहेर पाठवलेल्या पैशाला टीसीएस लागतच नव्हता, हेही नंतरच. आपल्या बँकेतून थेट विद्यापीठाच्या खात्यावर पैसे पाठवता येतात. एक फॉर्म असतो, पासपोर्ट आणि ऑफर लेटर लागतं. आम्ही बँकेत जाऊन विचारलंसुद्धा नाही.

सगळ्यात मोठी चूक मात्र पैशाची नव्हती, ईमेलची होती. अर्ज भरताना त्याच्या ऑफिसातल्या पोरानं माझ्या नावानं नवा ईमेल उघडला. "तुमच्या मेलवर पत्रं स्पॅममध्ये जातात ताई." पासवर्ड त्याच्याकडं. विद्यापीठ जे लिहायचं ते त्या पत्त्यावर जायचं आणि मला व्हॉट्सॅपवर स्क्रीनशॉट यायचे, वरून-खालून कापलेले. मीही कधी पासवर्ड मागितला नाही. उलट आपली कामं कुणीतरी बघतंय म्हणून बरं वाटायचं. माझ्या मुलाखतींतली एक बाई म्हणाली होती, "वही मुकादमाकडंच असलेली बरी, आपल्याला कुठं वाचाया येतंय?" तिला वाचता येत नव्हतं. माझं काय?

जूनमध्ये व्हिसाच्या तयारीचं निघालं. ब्रिटनच्या व्हिसाला फी आणि राहण्याचा खर्च २८ दिवस खात्यात पडून असल्याचं दाखवावं लागतं. "नसले तर आपण दाखवून देऊ, दोन टक्के लागतील." अण्णा नको म्हणाले. कुणाचे पैसे आपल्या खात्यात, म्हणाले, रात्री झोप लागायची नाही. अख्ख्या प्रकरणात शहाणपणाचं बोललेलं तेवढं एक वाक्य.

मग कॅसची वाट. विद्यापीठ हा क्रमांक देतं आणि त्याशिवाय व्हिसाचा अर्जच भरता येत नाही. जुलै गेला. सर्व्हर बंद आहे. ऑगस्ट गेला. तिकडं सुट्ट्या आहेत. मग जानेवारीच्या इनटेकला पाठवतो. पोळ्याला गावी गेले तर शेजारच्या काकू, "अगं, तू अजून इथंच? कधी जायलीस?" मी बैलांच्या झुलीकडं बघत राहिले.

उलगडा मैत्रिणीमुळं झाला. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीचा फॉर्म भरून देतो म्हणून तिच्याकडून त्यानं १५ हजार घेतले होते. तिचा विषय नामांतर आंदोलनातल्या बायका. एका रात्री तिनं नियम मुळातून वाचले. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यासाचे विषय २०२२ सालीच त्या योजनेतून वगळलेत. तो नियम अन्यायाचाच आहे, त्यावर वेगळं भांडायला पाहिजे. पण याला तो माहीत नव्हता, किंवा माहीत असून यानं पैसे घेतले. आणि फॉर्म ऑनलाइन, ज्याचा त्यानं भरायचा. ती मला म्हणाली, "तू आधी विद्यापीठाला स्वतःच्या मेलवरून लिही."

पाच ओळी लिहिल्या. त्यांनी अर्ज क्रमांक आणि पासपोर्टची प्रत मागितली आणि तिसऱ्या दिवशी विद्यापीठाचं उत्तर आलं: डिपॉझिटची मुदत ३० जूनला संपली, रक्कम पोचली नाही, ऑफर रद्द. शिष्यवृत्तीचं ते पत्र आम्ही दिलेलंच नाही. आमच्याकडं परदेशी विद्यार्थ्यांना ३ हजार पौंडांची सवलत आपोआप मिळते, वेगळा अर्ज लागत नाही. सोबत त्यांनी माझ्या नावच्या अर्जाची प्रत पाठवली. एसओपी, म्हणजे आपण हे का शिकणार याचं निवेदन, म्हणून मी चार पानं लिहून दिली होती, त्यात उचल होती, मजुरांची झोपडी म्हणजे कोपी होती, गर्भाशय काढलेल्या बाया होत्या. अर्जात त्यातलं अक्षरही नव्हतं. होती ती 'लहानपणापासून समाजसेवेची आवड असलेली' कुणीतरी मुलगी. आणि पुण्याच्या एका संस्थेत मी दोन वर्षं नोकरी केल्याचं पत्र, जिथं मी पाऊल ठेवलेलं नाही. खोटा कागद व्हिसाच्या अर्जात सापडला तर ब्रिटन दहा वर्षांपर्यंत बंदी घालू शकतं. आणि अर्ज तर माझ्या नावावर.

पोलीस ठाण्यात विचारलं, करार आहे का? आमच्याकडं पावती होती, तीवर बारीक अक्षरांत 'समुपदेशन शुल्क, परत मिळणार नाही'. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला तोवर चार महिने उलटले होते. तो नंबर पैसे गेल्यागेल्या लावायचा असतो, पुढं सरकायच्या आत रक्कम अडवता येते.

शेवटी मामा, चुलते असे नऊजण त्याच्या ऑफिसात जाऊन बसले. त्यानं एक लाखाचा आणि दोन लाखांचा असे दोन चेक दिले, आणि 'फाइलला लागतात' म्हणून ठेवून घेतलेले ओरिजिनल मेमोही, म्हणजे माझ्या गुणपत्रिका. ऑनलाइन अर्जाला स्कॅन पुरतो. ओरिजिनल लागतात ती आपल्याला धरून ठेवायला. एक लाखाचा चेक वटला, दोनचा परत आला. चेक परत आल्याचं बँकेनं कळवल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते, नाहीतर कलम १३८ची केस हातची जाते. आम्ही 'देतो, देतो' ऐकत बसलो आणि सव्विसाव्या दिवशी वकिलाकडं पोचलो.

यंदा मी अमेरिकेत पीएच.डी.साठी स्वतः अर्ज करायलेय. तिकडच्या मोठ्या विद्यापीठांत पीएच.डी.ला घेतलं तर फी माफ असते आणि वर महिन्याला विद्यावेतन मिळतं, हे मला त्या सेमिनारमध्ये कुणी सांगितलं नाही. अर्जाची फी आहे, पण ती माफ करा म्हणून बऱ्याच ठिकाणी विनंती करता येते. एका ठिकाणी झालीसुद्धा. लेखनाचा नमुना म्हणून मुकादमाचंच प्रकरण इंग्रजीत करतेय. 'उचल' तशीच ठेवलीय, खाली तीन ओळींत समजावून. ईमेल माझा, पासवर्ड माझा.

मागच्या तारखेला समोरचा वकील आलाच नाही. अण्णा सोबत होते. कोर्टासमोर चहा घेतला आणि दुपारच्या गाडीनं परत आलो.