कोर्दोबा की ग्रानादा? दक्षिण स्पेनसाठी दोनच रात्री असतील तर

माझ्या मावसबहिणीचं माद्रिद आणि बार्सिलोना पक्कं झालंय. शेंगेन व्हिसाचे कागद जमवताना तिच्या लक्षात आलं की मधे दोन रात्री मोकळ्या राहतात आणि त्या दक्षिणेला काढता येतील. "दोन्हीपैकी एकच सांग," म्हणाली. फोनवर अर्धा तास बोलूनही सांगायचं बरंच राहिलं, म्हणून सगळं नीट लिहून काढते. मी दोन्ही गावांना दोनदा गेले आहे, एकदा नवऱ्याबरोबर आणि एकदा आईला घेऊन.

उत्तर आधीच देऊन टाकते. अल्हांब्राच्या नासरी महालांचं, म्हणजे तिथल्या शेवटच्या मुसलमान सुलतानांच्या राजवाड्यांचं, तिकीट हातात असेल तर ग्रानादा. नसेल तर कोर्दोबा, आणि तेही मन मारून नव्हे, आनंदाने.

ग्रानादाचा सगळा खेळ त्या तिकिटावर आहे. अल्हांब्रा म्हणजे टेकडीवरचा किल्ला, राजवाडे आणि बागा मिळून एक अख्खं गावच. पण जे बघायला माणूस इतक्या लांब जातो ते नासरी महाल, आणि तिथे आत जायची वेळ तिकिटावर छापलेली असते. त्या वेळेनंतर अर्ध्या तासात गेलात तर ठीक, नाहीतर महाल हुकले. तिकीट नावावर निघतं, पासपोर्ट जवळ लागतो, आणि हंगामात ते कित्येक आठवडे आधी संपतं. पहिल्या खेपेला आम्ही रेल्वे आणि हॉटेल आधी ठरवलं, अल्हांब्राचं तिकीट मात्र आठ दिवस आधी बघायला घेतलं. फक्त बागा, जेनेरालिफे (सुलतानांचा उन्हाळी बागमहाल) आणि जुना किल्ला दाखवणारं तिकीट उरलं होतं, तेच घेतलं. दिवस छान गेला. पण महालांच्या दारापर्यंत जाऊन, आत जाणारी रांग बघून परत फिरलो, त्याची रुखरुख पुढे दोन वर्षं राहिली. म्हणून क्रम उलटा ठेवा: आधी अल्हांब्राचं तिकीट, मग रेल्वे, मग खोली. आणि तिकीट घेताना त्यात नासरी महाल आहेत ना, हे दोनदा वाचा.

कोर्दोबात असं काही नाही. तिथल्या मेस्किताचं, म्हणजे जुन्या मशिदीचं आणि आताच्या कॅथेड्रलचं, तिकीट बहुतेक वेळा त्याच दिवशी मिळतं. शिवाय सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठ ते साडेनऊ एक तास प्रवेश मोफत असतो. सणावारी हे बदलतं, आणि रविवारी सकाळी तिथे प्रार्थना असते. पण एरवी हा तास चुकवू नका, पैसे वाचतात म्हणून नव्हे, तर त्या तासात मोठे गट आत सोडत नाहीत म्हणून. नोव्हेंबरातल्या एका सकाळी मी आणि आई आत शिरलो तेव्हा खांबांच्या त्या रानात आमच्या चपलांचा आवाज आम्हालाच ऐकू येत होता.

रान म्हणते ते उगाच नाही. आज तिथे ८५६ खांब उभे आहेत. कोर्दोबाचा अमीर पहिला अब्द अल्-रहमान याने ७८५ च्या सुमारास काम सुरू केलं तेव्हा नवे खांब घडवत बसला नाही. रोमन आणि त्यांच्यानंतर राज्य केलेल्या व्हिसिगॉथांच्या इमारतींमधले जुने खांब गोळा करून वापरले. कुणी संगमरवराचा, कुणी ग्रॅनाइटचा, कुणी उंच, कुणी बुटका. जवळ जाऊन पायथा बघा: काही खांबांना बैठक आहे, काही तसेच जमिनीत गाडल्यासारखे दिसतात, कारण सगळ्यांची डोकी एका उंचीला आणायची होती. तरी छत ठेंगणंच राहणार होतं. म्हणून कमानीवर कमान चढवली, खालची घोड्याच्या नालाच्या आकाराची आणि वरची अर्धगोल. लाल वीट आणि पांढरा दगड आलटून पालटून. पुढच्या दोनशे वर्षांत तीनदा मशीद वाढवली, पण हा नमुना कुणी सोडला नाही.

मग एकदम मधोमध एक भलंमोठं कॅथेड्रल उगवतं. १२३६ मध्ये शहर ख्रिस्ती राजाकडे गेलं, तरी जवळपास तीनशे वर्षं इमारतीला फारसा धक्का लागला नव्हता. १५२३ मध्ये नगरपालिकेचा विरोध डावलून मधले खांब काढले आणि हे बांधायला घेतलं. परवानगी राजा पाचव्या चार्ल्सची. याच चार्ल्सने अल्हांब्रातही स्वतःचा राजवाडा उठवला, बाहेरून चौकोनी आणि आत गोल अंगणाचा. ग्रानादात तो बाजूला उभा आहे, त्यामुळे इतका खुपत नाही. कोर्दोबात मात्र मला दर वेळी पोटात तुटतं. आईचं मत निराळं. ती म्हणाली, "हे बांधलं म्हणून तर बाकीचं पाडलं नाही." तिच्या म्हणण्यातही तथ्य असावं.

बाहेरच्या अंगणात नारिंगांची झाडं आहेत. 'नारान्हा' हा त्यांचा शब्द आपल्याच 'नारंग'पासून फारसी आणि अरबी वाटेने तिथवर गेला. फळं दिसायला देखणी, पण कडू, तोडून खायच्या फंदात पडू नका. या अंगणात बसायला तिकीट लागत नाही, आणि आई तिथे तासभर बसली.

आता अल्हांब्रा. तिथे दगडापेक्षा गिलावा आणि पाणी बघायचं. १२३८ मध्ये ग्रानादाचा सुलतान पहिला मुहम्मद याने पाया घातला, तेव्हा स्पेनमधलं मुसलमानी राज्य आक्रसत चाललं होतं. आजचे प्रसिद्ध महाल चौदाव्या शतकातले. भिंतींवर "अल्लाहशिवाय विजेता कुणी नाही" हे घोषवाक्य इतक्या वेळा कोरलंय की अरबी न येणाऱ्यालाही त्याची वळणं ओळखीची होतात. सिंहांच्या चौकात १२ संगमरवरी सिंह पाठीवर हौद घेऊन उभे आहेत आणि हौदाच्या कडेवर इब्न झम्राक या दरबारी कवीच्या ओळी आहेत. छताला मधाच्या पोळ्यासारखी गिलाव्याची नक्षी लोंबते. मान दुखेपर्यंत वर बघितलं तरी तिचा हिशोब लागत नाही. आणि हे सगळं पाणी टेकडीवर चढवलेलं नाही. दारो नदी वरच्या अंगाला अडवून पाटाने, नुसत्या उताराने, ते आणलंय. शेताला पाटाचं पाणी देणाऱ्या घरात मी वाढले. जेनेरालिफेच्या एका जिन्याच्या कठड्यातून, हात ठेवायच्या जागीच, पाणी वाहतं. तिथे ओंजळभर गार पाण्यात बोटं बुडवून मी कितीतरी वेळ उभी होते. २ जानेवारी १४९२ ला शेवटचा सुलतान बोआब्दिल हे सगळं सोडून निघाला.

वास्तू म्हणून दोन्हींत डावं-उजवं करायला माझी जीभ रेटत नाही. पण पाय कुणाचे, हे विचारायलाच हवं. अल्हांब्रा नीट बघायला तीन-चार तास चालावं लागतं. टेकडीवर जायला छोट्या बस आहेत, आतमध्ये मात्र स्वतःचे पायच. समोरचं अल्बायसिन (ग्रानादाची जुनी वस्ती), जिथून अल्हांब्रा आणि मागे सिएरा नेवाडाचं बर्फ एका नजरेत दिसतं, ते पूर्ण चढाचं, गोट्यांच्या फरसबंदीचं. आईच्या गुडघ्यांनी तिथे हात टेकले. कोर्दोबा बरंचसं सपाट आहे. मेस्किता, ज्यू वस्तीच्या गल्ल्या, १३१५ चं छोटं सिनॅगॉग, रोमन पूल, सगळं रमतगमत होतं. मुसलमान तत्त्वज्ञ इब्न रुश्द आणि ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीस दोघेही याच गावचे, आणि गल्ल्या इतक्या जवळजवळ आहेत की ते पटतं.

खाण्यात कोर्दोबा पुढे, निदान शाकाहारी माणसाला. वांग्याचे काप तळून त्यावर काकवी घालून देतात. हो, उसाचीच काकवी, 'मिएल दे कान्या'. आईने पहिला घास घेतला आणि दुसरी बशी मागवली. टोमॅटो-पावाचं गार सालमोरेहो इथलंच, पण त्यावर अंडं आणि हॅम पेरतात, म्हणून "सिन हामोन, सिन वेवो" आधी सांगा. ग्रानादात पेयाबरोबर बशीभर खाणं फुकट येतं, ते फार कौतुकाचं, पण काय येईल ते त्यांच्या मनावर, आणि बहुतेकदा मांस किंवा मासे. नवरा तिथे खूश होता.

सेविया, म्हणजे नकाशावरचं सेव्हिल, या प्रश्नात मी मुद्दाम घेतलं नाही. ते मोठं शहर आहे, त्याला स्वतःच्या तीन रात्री द्याव्यात.

हंगामाचं बघा. जुलै-ऑगस्टमध्ये कोर्दोबाचा पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा जाऊच नये. मे महिन्याच्या सुट्टीत जाणार असाल तर पहिला पंधरवडा धरा: तेव्हा पातियोंचा उत्सव असतो, लोक आपल्या घरांचे फुलांनी भरलेले चौक बघायला खुले करतात. खोल्या मात्र महाग आणि लवकर भरतात. दिवाळीची सुट्टी दोन्हीकडे चांगली. ग्रानादा जवळपास ७०० मीटर उंचीवर आहे, तेव्हा रात्री स्वेटर लागतो.

माद्रिदहून वेगवान रेल्वेने कोर्दोबा पावणेदोन तास, ग्रानादा साधारण साडेतीन. म्हणून बरेच जण कोर्दोबा एका दिवसात उरकतात. सकाळी दहाला येतात आणि पाचला जातात, म्हणजे नेमके गर्दीचे आणि उन्हाचे तास घेतात. दुपारी दोननंतर दुकानंही मिटलेली. रात्री पुलावरून दिव्यांतली मेस्किता आणि सकाळचा तो मोकळा तास, दोन्ही त्यांना दिसत नाहीत. एक तरी रात्र राहाच. दुसऱ्या दिवशी वेळ उरला तर आठेक किलोमीटरवर मदिना असाहाराचे अवशेष आहेत, दहाव्या शतकातल्या खलिफाची राजधानी, बांधली आणि शतकही न भरता उद्ध्वस्त झाली.

आणि कशीबशी तिसरी रात्र काढता आली, तर एक कोर्दोबात, दोन ग्रानादात. मधे रेल्वेचा दीड तास आहे.

बहिणीला तिसरी रात्र नाही. ती दिवाळीत जातेय, बरोबर ७४ वर्षांचे सासरे आहेत, आणि तिच्या तारखांना नासरी महाल भरलेले आहेत. तिला मी कोर्दोबा सांगितलं. खोली मेस्कितापासून चालत पाच मिनिटांवर घे, आणि सकाळी सव्वाआठला नारिंगांच्या अंगणात जाऊन बस.