दांडिया बाजारातला जपानीचा वर्ग: तोंड उघडायला लावणारा

बडोद्यात जपानी शिकवणारे वर्ग आता बरेच झालेत, पण बहुतेकांचा सगळा रोख जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेवर. त्या परीक्षेत बोलणं तपासतच नाहीत, त्यामुळे एन-५, म्हणजे तिची पहिली पायरी, पास झालेल्यालाही चार ओळी मोठ्याने वाचता येतील याची खात्री नसते. कंपनीच्या कामासाठी मला बोलायचंच होतं, म्हणून सूरसागरजवळ, एका जुन्या वाड्याच्या माडीवर भरणारा हा वर्ग धरला.

इथल्या सेन्सेई, म्हणजे शिक्षिका, मराठीच आहेत. पहिल्या दिवसापासून वाचून घेतात, तेही टेबलावर बोटाने ठोके देत. निप्पोन म्हणजे नि, प्, पो, न्: चार ठोके. आपण ‘निप्-पोन्’ म्हणून मोकळे होतो. जपानी माणूस त्या अर्ध्या ‘प्’ला आणि शेवटच्या ‘न्’लाही पुरता वेळ देतो. तोक्योचेही चारच, तो-ओ-क्यो-ओ. ‘क्यो’ लिहायला दोन चिन्हं लागतात, पण ठोका एकच. या मापाला मोरा म्हणतात आणि हायकूतले ५-७-५ ते हेच. वाचनावरच्या प्रयोगांतही हे दिसलंय: आधी दाखवलेल्या शब्दाचं नुसतं पहिलं व्यंजन जुळलं तरी इंग्रजी भाषकाचं वाचन जलद होतं, जपानी भाषकाला ‘क्’ जुळून भागत नाही, अख्खा ‘का’ जुळावा लागतो.

आमच्या बॅचमधल्या मराठी आणि गुजराती मंडळींचं घोडं अडतं ते इकारापाशी. लिहिताना आपण ह्रस्व-दीर्घ पाळतो, बोलताना कोण बघतो? तिकडे बिरु म्हणजे इमारत आणि बीरु म्हणजे बिअर! त्याहून अवघड किनेन आणि किन्-एन्. पहिलं स्मरणार्थ, तीन ठोके. दुसरं धूम्रपानबंदी, चार. सेन्सेईंनी हे दोन शब्द एकेकाकडून इतके घोटून घेतले की आता पाटी दिसली की माझं बोट आपोआप हलतं.

उणं म्हणाल तर स्वरांच्या चढउताराकडे फार लक्ष देत नाहीत. हाशिमध्ये ‘हा’ चढा असेल तर चॉपस्टिक्स, ‘शि’ चढा असेल तर पूल. एवढं सांगून पुढे गेल्या. ते शिकवायलाच हवं. फी तीन महिन्यांची एकदम भरावी लागते आणि खाली गाडी लावायला जागा नाही.

फक्त सर्टिफिकेट हवं असेल तर दुसरीकडे स्वस्तात होईल. जपान्यांशी रोज बोलायचं असेल तर इथेच या, आणि आधी काना, म्हणजे जपानी अक्षरं, पाठ करून या. ठोक्यांसाठी जास्त वेळ मिळेल.