ऑक्सफर्ड लर्नर्स डिक्शनरीची साईट: सारख्या वाटणाऱ्या इंग्लिश शब्दांसाठी तरी वापराच

आठवी ते दहावीच्या मुलांची इंग्लिशची वही तपासताना सगळ्यात जास्त लाल पेन चालतो तो सारख्या ऐकू येणाऱ्या शब्दांवर. मोबाईलचा स्पेलचेक यात फारसा कामाचा नाही, कारण स्पेलिंग दोन्ही बरोबरच असतात, फक्त शब्द चुकीचा. रजेच्या अर्जात प्रिन्सिपलच्या शेवटी पी-ए-एल ऐवजी पी-एल-ई लिहिलं की मुख्याध्यापकांच्या जागी तत्त्व येतं आणि फोन बऱ्याचदा लाल रेघही मारत नाही.

म्हणून मी सगळ्यांना ऑक्सफर्ड लर्नर्स डिक्शनरीची साईट सांगते, फुकट आहे. ही मुळात इंग्लिश मातृभाषा नसलेल्यांसाठी केलेली डिक्शनरी, हॉर्नबी नावाचे गृहस्थ जपानमध्ये इंग्लिश शिकवायचे, तिथल्या अनुभवातून बनली, 1942 ला आधी जपानमध्येच छापली आणि मग 1948 पासून ऑक्सफर्डने काढली. अर्थ सोप्या वाक्यात असतात ते त्यामुळेच.

मला सगळ्यात आवडतं ते ‘विच वर्ड’चं चौकट. अफेक्ट आणि इफेक्ट घ्या, पहिलं क्रियापद म्हणजे परिणाम करणं, दुसरं बहुतेक वेळा नाम म्हणजे परिणाम, पण इफेक्ट क्रियापद म्हणूनही येतं, एखादा बदल घडवून आणणं या अर्थी, आणि बऱ्याच गाईडमध्ये हे सांगतच नाहीत हो! सगळ्या जोड्यांना मात्र असं चौकट नाहीये, तिथे दोन्ही शब्द वेगवेगळे उघडून उदाहरणं वाचायची. स्टेशनरीचंच बघा, ए-आर-वाय म्हणजे एका जागी थांबलेलं आणि ई-आर-वाय म्हणजे वह्या-कागद, मूळ दोन्हीचं एकच, कारण पूर्वी फिरत्या विक्रेत्यांपेक्षा वेगळा, एका जागी दुकान मांडून बसणारा तो स्टेशनर. हे एकदा सांगितलं की मुलं सहसा विसरत नाहीत.

आता उच्चार, आणि खरी गंमत इथेच आहे. निळा स्पीकर ब्रिटिश, लाल अमेरिकन. कॉट म्हणजे पकडलं आणि कोर्ट हे दोन्ही निळ्यावर ऐका, अगदी एकसारखे, आता लाल दाबा, कोर्टमधला र स्पष्ट येतो. आपल्या मराठी कानाला खास उपयोगी जोड्या म्हणजे लिव्ह-लीव्ह आणि वाईन-व्हाईन. बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घ फार पाळत नाही, म्हणून ‘मी पुण्यात राहतो’ लिहायचं तिथे ‘मी पुणे सोडतो’च्या जवळचं काहीतरी होतं. आणि व तर आपल्याकडे एकच, त्यामुळे नाशिकची वाईन आणि ती जिच्यापासून बनते तो द्राक्षाचा वेल एकाच आवाजात निघतात. वेलाला वरचे दात खालच्या ओठाला लागतात, वाईनला ओठ गोल, चार-पाच वेळा ऐकून आरशासमोर म्हणून घ्या. अ‍ॅडव्हाईस नाम असताना शेवटी स, क्रियापद असताना ‘माझा’ मधल्या झ च्या जवळचा आवाज, हेही तिथेच ऐकायला मिळेल.

उणीव एकच, मराठी अर्थ नाहीत. पाचवी-सहावीच्या मुलांना एकट्याने जमणार नाही, शेजारी मोठं कोणी बसायला हवं. माझ्याकडून पाचपैकी साडेचार.

छापील घेणार असाल तर 2020 ची दहावी आवृत्ती बघा, जुन्या पुस्तकांच्या दुकानातली आधीची आवृत्तीसुद्धा अर्थासाठी चालेल, उच्चार ऐकायला साईट उघडा.